दाखवणारा कण आणि तापवणारा कण

प्रश्न थोडक्यात असा आहे : ‘सोन्याचे किंवा लोहाचे नॅनोकण शिरेतून सोडले की ते कर्करोगाच्या गाठीत जमतात, स्कॅनमध्ये गाठ उठून दिसते आणि मग बाहेरून लेसर किंवा चुंबकीय क्षेत्र दिले की तेच कण तापून गाठ नष्ट करतात, असे मी कितीतरी वर्षे वाचत आलो आहे. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे तत्त्व मला पटते. मग हा उपचार रुग्णालयांत का दिसत नाही? आणि आमच्या नात्यातील एका रुग्णासाठी तो मिळू शकेल का?’

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण ते थांबू शकत नाही. धातूंचे नॅनोकण टोचून गाठ तापवण्याचा उपचार भारतात नियमित उपचार म्हणून उपलब्ध नाही. कोणी तो ‘सिद्ध झालेला’ म्हणून देऊ करत असेल, तर ती चाचणी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या नोंदवहीत आहे का, हे कोणालाही घरबसल्या पाहता येते. नोंद नसेल किंवा चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून मागितले जात असतील, तर तिथेच थांबावे. नॅनोऔषधांचे मूल्यमापन कसे करावे याची मार्गदर्शक तत्त्वे भारत सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केली आहेत, त्यामुळे ‘याला नियमच नाहीत’ हे म्हणणेही खरे नाही. नॅनोकणांशिवाय केले जाणारे उष्णतेचे उपचार मात्र आहेत. यकृतातील लहान गाठ सुईतून रेडिओलहरी किंवा सूक्ष्मलहरी देऊन जाळणे हे मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत बरेच रुळलेले काम आहे. आपल्या रुग्णाला ते लागू पडते का, हा प्रश्न त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना सरळ विचारावा; माझ्या उत्तरापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. जाता जाता आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती मला दरवेळी विचारली जाते. सुवर्णभस्म म्हणजे हे कण नव्हेत. भस्मातल्या सोन्याचे माप, आकार आणि पृष्ठभाग विशिष्ट तरंगलांबीच्या प्रकाशासाठी घडवलेले नसतात, ते तोंडावाटे घेतले जाते, आणि त्यावर लेसर टाकण्याचा प्रश्नच येत नाही. दोन्हींत सोने आहे, एवढेच साम्य.

आता पहिला भाग. आपण म्हणता तत्त्व पटते, आणि ते पटण्यासारखेच आहे. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये सोन्याचे माणकासारखे लाल द्रावण तयार करून तो रंग अतिसूक्ष्म कणांमुळे येतो असे मांडले, आणि गुस्ताव मी यांनी १९०८ मध्ये त्याचे गणित दिले. सोन्यातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राबरोबर एकसाथ हेलकावे खातात आणि एका विशिष्ट तरंगलांबीला ते हेलकावे फार मोठे होतात. वीस नॅनोमीटरच्या गोल कणासाठी ही तरंगलांबी सुमारे ५२० नॅनोमीटर असते, म्हणजे हिरवा प्रकाश शोषला जातो आणि द्रावण लाल दिसते. अडचण अशी की हिरवा प्रकाश रक्तही शोषते, त्यामुळे तो कातडीखाली फार आत जात नाही. साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटर या पट्ट्यात रक्त आणि पाणी दोघांचेही शोषण कमी असते. कणाचे शोषण या खिडकीत आणण्याचे दोन मार्ग निघाले. सिलिकाच्या गोळीवर सोन्याचे पातळ कवच चढवायचे आणि गोळी व कवच यांच्या जाडीचे प्रमाण बदलत जायचे, हा ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातील नाओमी हालास यांचा मार्ग. गोळीऐवजी दांडी वाढवायची आणि लांबी रुंदीच्या चौपट ठेवली की शोषण ८०० नॅनोमीटरच्या आसपास आणायचे, हा अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ मुस्तफा अल-सय्यद यांच्या प्रयोगशाळेने रुळवलेला मार्ग. तिसरा मार्ग आपल्या घराजवळचा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली सास्त्री यांच्या गटाने गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी चपटे कण तयार केले. ते काम २००४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते त्रिकोणही अवरक्तालगतचा प्रकाश चांगला शोषतात. शोषलेला प्रकाश काही पिकोसेकंदांत कणाच्या जाळीत उष्णता होऊन बसतो आणि तिथून भोवतालच्या पाण्यात उतरतो. एका सेंद्रिय रंगरेणूच्या तुलनेत असा एक कण कैक हजार पटींनी अधिक प्रकाश पकडतो.

लोहाची गोष्ट वेगळी आहे. काटेकोर बोलायचे तर तो धातू नव्हे, धातूचा ऑक्साइड आहे. दहा-पंधरा नॅनोमीटरचा मॅग्नेटाइटचा कण म्हणजे एकच चुंबकीय क्षेत्रखंड असतो, आणि उलटसुलट होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात त्याची चुंबकीय दिशा क्षेत्राच्या मागे किंचित रेंगाळते. त्या रेंगाळण्यातून उष्णता निघते. दिशा कणाच्या आत फिरते की कणच सगळा द्रवात फिरतो, यावरून तिचे नेएल आणि ब्राउन असे दोन प्रकार पडतात. पेशीत अडकलेला कण फिरू शकत नाही, म्हणून परीक्षानळीत उत्तम तापणारा कण गाठीत मंदावतो; अनेक शोधनिबंधांतले आकडे या एका कारणाने शरीरात लागू पडत नाहीत. चुंबकीय क्षेत्राचा मोठा गुण म्हणजे त्याला खोलीची अडचण नाही. डोक्याच्या मध्यापर्यंत ते बिनबोभाट पोहोचते. शिकागोच्या गिलख्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्येच लसिकाग्रंथींत लोहाचे कण भरून त्या बाहेरच्या गुंडाळीने तापवून दाखवल्या होत्या. म्हणजे कल्पना वीस वर्षांची नसून साठ-सत्तर वर्षांची आहे.

इथपर्यंत सगळे गोड आहे. सोने जड आहे, अणुक्रमांक ७९, म्हणून सीटी स्कॅनमध्ये आयोडिनसारखे उठून दिसायला हवे. लोहाचा कण आपल्या भोवतालच्या पाण्याच्या प्रोटॉनांचा ताल बिघडवतो, म्हणून एमआरआयमध्ये ती जागा काळी पडते. दोघेही तापतात. मग ‘एकाच कणात निदान आणि उपचार’ हे वाक्य लिहायला कोणालाच अडचण येत नाही, आणि अनुदानाच्या अर्जांत ते मीही लिहिले आहे. अडचण आकडे मांडल्यावर समोर येते, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे : दिसण्यासाठी किती कण लागतात आणि तापण्यासाठी किती लागतात, हे दोन आकडे एकमेकांजवळ नसतात.

लोह घ्या. यकृताच्या एमआरआयसाठी लोहाच्या कणांचे एक औषध अमेरिकेत १९९६ मध्ये मान्य झाले होते. त्याची मात्रा होती शरीराच्या वजनाच्या किलोमागे ०.५६ मिलिग्रॅम लोह. साठ किलोच्या माणसाला सुमारे ३४ मिलिग्रॅम. त्यातले बहुतेक यकृतात बसले आणि यकृत दीड किलोचे धरले, तर ग्रॅममागे २० मायक्रोग्रॅम लोह होते. एवढ्यावर यकृत स्पष्ट काळे पडते. आता तापवण्याकडे पाहा. मेंदूतील गाठीसाठी बर्लिनमध्ये विकसित झालेल्या ‘नॅनोथर्म’ या द्रवात मिलिलिटरमागे ११२ मिलिग्रॅम लोह असते आणि तो शिरेतून नव्हे, कवटीतून सुई घालून थेट गाठीत सोडला जातो. गाठीत पसरल्यावर तो पातळ होतो हे धरूनही दिसण्याचा आकडा आणि तापण्याचा आकडा यांत हजार पटींच्या आसपासचे अंतर उरते.

सोन्यात असेच अंतर उलट्या दिशेने पडते. चांगल्या नॅनोदांड्यांचे मिलिलिटरमागे काही दशक मायक्रोग्रॅम सोने लेसरखाली पाण्याला वीस-तीस अंशांनी सहज तापवते. सीटी स्कॅनमध्ये मात्र मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅम सोने असले तरी चित्राची घनता काही दशक हाउन्सफील्ड एककांनीच (सीटीतील घनता मोजण्याचे एकक) वाढते. काही दशक मायक्रोग्रॅमांनी ती एक-दोन एककांनी वाढेल, जी चित्राच्या गोंगाटात बुडून जाते. म्हणजे एमआरआयला दिसेल एवढे लोह तापत नाही, आणि तापेल एवढे सोने सीटीला दिसत नाही. उंदरांवरच्या सुंदर चित्रांत सोने दिसते ते त्यांना वजनाच्या मानाने फार मोठी मात्रा दिलेली असते म्हणून.

आपण भौतिकशास्त्र शिकवता, तेव्हा शिरेतून दिलेल्या लोहाचा हिशेब एकदा मांडून पाहू. टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये दहा वर्षांतले प्रकाशित प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचणाऱ्या भागाचे मध्यक ०.७ टक्के निघाले. हे आकडे प्रयोगशाळेतल्या लहान प्राण्यांचे आहेत, जिथे गाठ शरीराच्या मानाने मोठी असते. माणसासाठी तोच आकडा घेणे ही उदारताच आहे. समजा आपण ५०० मिलिग्रॅम लोह शिरेतून दिले आणि त्यातले ३.५ मिलिग्रॅम दहा मिलिलिटरच्या गाठीत जमले. मिलिलिटरमागे ०.३५ मिलिग्रॅम झाले. कण ग्रॅममागे १०० वॅट उष्णता देतात असे धरा, जे माणसाला सोसणाऱ्या क्षेत्रात बरेच चांगले म्हणावे लागेल. उष्णता मिळाली मिलिलिटरमागे ०.०३५ वॅट. आता गाठीतून दर मिनिटाला मिलिलिटरमागे ०.२ मिलिलिटर रक्त वाहते आणि ते ३७ अंशांचे असते. गाठ सात अंशांनी गरम ठेवायची तर केवळ हे रक्त जी उष्णता घेऊन जाते ती भरून काढायला मिलिलिटरमागे ०.०८६ वॅट लागतात. आपल्याजवळच्या ०.०३५ वॅटमध्ये गाठ तीन अंशांहून कमी तापून थांबेल. शेजारच्या ऊतीकडे वहनाने जाणारी उष्णता यात धरलेलीच नाही, आणि गाठ जितकी लहान तितका तो तोटा मोठा. मग क्षेत्र वाढवू म्हटले, तर शरीर हाही विद्युतवाहक आहे आणि बदलत्या क्षेत्रात त्याच्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात. क्षेत्राची तीव्रता आणि वारंवारता यांचा गुणाकार सेकंदाला मीटरमागे ४.८५ × १०⁸ अँपिअरच्या पुढे गेला की माणसाला तासभर ते सोसत नाही, ही ॲटकिन्सन आणि ब्रेझोविच यांच्या कामातून आलेली मर्यादा धडाच्या मापासाठी होती. प्रवाहांची उष्णता अंगाच्या व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणून डोक्याला १०० किलोहर्ट्झला बरेच अधिक क्षेत्र चालते, पण प्रोस्टेटसाठी श्रोणिभागात मीटरमागे चार-पाच किलोअँपिअरपुढे रुग्ण तक्रार करू लागतात. मेंदूतील गाठीसाठी हा उपचार सर्वांत पुढे का गेला, याचे एक कारण वैद्यकात नसून व्यासाच्या या वर्गात आहे.

आता प्रत्यक्ष माणसांपर्यंत पोहोचलेली दोन उदाहरणे पाहू. आपल्या प्रश्नातील ‘तेच कण दाखवतात आणि तेच तापवतात’ हे वर्णन दोन्हींपैकी कोणालाही जसेच्या तसे लागू पडत नाही, आणि का पडत नाही ते मला फार बोधप्रद वाटते.

पहिले उदाहरण वर आलेल्या नॅनोथर्मचे. युरोपात त्याला २०१० मध्ये मेंदूतील गाठींसाठी मान्यता मिळाली. परत उद्भवलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या, म्हणजे मेंदूतल्या एका आक्रमक कर्करोगाच्या, ५९ रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला; किरणोपचाराबरोबर हा उपचार दिल्यावर पहिल्या पुनरुद्भवापासूनचे मध्यक आयुष्य १३.४ महिने होते. आकडा आशादायक होता, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि अशा अभ्यासात निवडलेले रुग्ण मुळातच थोडे सुस्थितीत असू शकतात हे कोणताही कर्करोगतज्ज्ञ आपल्याला सांगेल. आता चित्रणाचे पाहा. लोहाचे कण एमआरआयमध्ये इतके जोरात दिसतात की गाठ आणि तिच्या भोवतालचा भाग सगळाच काळा होऊन चित्र विस्कटते. ज्या रोगात दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय करून गाठ वाढली का ते पाहायचे असते, तिथे उपचाराने ती खिडकीच बंद केली. शिवाय उपचाराच्या जागेजवळ दातांत धातू असेल तर तोही काढावा लागतो, कारण क्षेत्र दातातल्या धातूलाही सोडत नाही. गंमत अशी की याच कणांनी सीटी स्कॅनमध्ये मोलाचे काम केले. एवढ्या दाट मात्रेत लोहही सीटीला दिसते, म्हणून टोचल्यानंतरच्या सीटीवरून कुठे किती लोह बसले ते मोजायचे, त्यावरून संगणकाने उष्णतेचा नकाशा काढायचा आणि क्षेत्र किती द्यायचे ते ठरवायचे. गाठ शोधण्याचे काम आधीच्या एमआरआयने केलेले असतेच. कणांचे चित्रण हवे असते ते उष्णतेची मात्रा ठरवण्यासाठी.

दुसरे उदाहरण सोन्याच्या कवचांचे. राइस विद्यापीठाच्या गटाने २००३ मध्ये उंदरांच्या गाठींत कवचे टोचून ८२० नॅनोमीटरचा लेसर दिला, तेव्हा चार ते सहा मिनिटांत तापमान सरासरी ३७ अंशांनी वाढले आणि कवचे नसलेल्या गाठींत वाढ दहा अंशांच्या आत राहिली. हे तापमान एमआरआयने मोजले होते. कण त्यात दिसत नव्हते, दिसत होते ते पाण्याच्या प्रोटॉनांच्या वारंवारतेचे सरकणे, जे अंशामागे सुमारे दशलक्षांशाचा शंभरावा भाग असते. पुढे माणसांवरच्या चाचणीत प्रोस्टेटमध्ये मर्यादित कर्करोग असलेल्या १६ पुरुषांना सुमारे १५० नॅनोमीटरची कवचे शिरेतून दिली गेली, दुसऱ्या दिवशी लेसरचे बारीक तंतू सुयांतून थेट प्रोस्टेटमध्ये घातले गेले, आणि १६ पैकी १५ जणांत ठरवलेला भाग जाळता आला. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. गाठ कुठे आहे हे सांगितले आधीच्या एमआरआयने आणि त्यावर जुळवलेल्या सोनोग्राफीने. कणांनी फक्त उष्णता गाठीपुरती ठेवायला मदत केली, आणि मला विचाराल तर तेवढे पुरेसे मोठे काम आहे. मूत्रनियंत्रण करणाऱ्या स्नायूपासून काही मिलिमीटरवर गाठ असते तेव्हा उष्णता कुठे थांबते यावर रुग्णाचे पुढचे आयुष्य ठरते. ‘बाहेरून लेसर’ मात्र इथे नाही. अवरक्तालगतचा प्रकाशही ऊतीत दर काही मिलिमीटरला लक्षणीय क्षीण होतो, म्हणून खोल गाठीसाठी प्रकाश आत न्यावाच लागतो.

बाहेरून दिलेल्या लेसरबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ती नेहमी निसटते. ८०८ नॅनोमीटरच्या लेसरसाठी कातडीला सुरक्षित मानलेली मर्यादा चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.३३ वॅट आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत एक, दोन, क्वचित चार वॅटसुद्धा वापरलेले दिसतात. तिथे गाठ कातडीखाली दोन-तीन मिलिमीटरवर असते आणि कातडी भाजली तरी लेखाच्या छायाचित्रात खपली ‘उपचाराचा परिणाम’ म्हणून येते. कोणताही असा निबंध वाचताना मी आधी लेसरची तीव्रता पाहतो आणि मग फक्त लेसर दिलेल्या, कण न दिलेल्या गटाचे तापमान पाहतो. ते दिलेले नसेल तर पुढे वाचत नाही.

तापमान मोजणे ऐकायला साधे वाटते. आमच्याकडे सुरुवातीच्या काळात आम्ही धातूचे थर्मोकपल, म्हणजे तारेचा तापमापक, द्रावणात बुडवून चुंबकीय गुंडाळीत ठेवले आणि कण अप्रतिम तापतात असे तीन महिने समजत होतो. शेवटी एका विद्यार्थिनीने कण न घालता नुसत्या पाण्यात तोच प्रयोग केला आणि तापमान जवळजवळ तेवढेच चढले. थर्मोकपलची तारच क्षेत्रात तापत होती, आणि उरलेली उष्णता गुंडाळीच्या तांब्याकडून येत होती. त्यानंतर प्रकाशतंतूचा तापमापक आणि गुंडाळीभोवती थंड पाण्याचे वेष्टन घेतल्याशिवाय आम्ही एकही आकडा वहीत लिहिलेला नाही. सोन्याच्या दांड्यांनीही असाच धडा दिला. लेसरच्या स्पंदांखाली दांड्यांची टोके वितळून त्या आखूड आणि गोल होत जातात, शोषण ८०० वरून ५२० नॅनोमीटरकडे सरकते आणि दुसऱ्या सत्रात गाठ तापतच नाही. कुपीतले तपकिरी द्रावण लालसर झाले आहे हे प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी पाहिले होते. त्याचा अर्थ लावायला आठवडा लागला.

तापमानाबद्दल मी इतका आग्रही का आहे, ते उष्णतेच्या मात्रेच्या गणितावरून कळेल. पेशी मरण्याचा हिशेब ४३ अंशांवरच्या मिनिटांत मांडण्याची रीत १९८४ मध्ये सापारेटो आणि ड्यूई यांनी घालून दिली. ४३ अंशांवर ६० मिनिटांनी जे होते ते ४४ वर ३० आणि ४५ वर १५ मिनिटांत होते. उलट ४२ वर त्यासाठी २४० मिनिटे लागतात. म्हणजे गाठीच्या एका कोपऱ्यात कण विरळ असून तिथे तापमान एका अंशाने कमी राहिले, तर तिथल्या पेशींना मिळालेली मात्रा निम्मीच काय, चौथाई होऊ शकते, आणि गाठ परत वाढते ती त्याच कोपऱ्यातून. साठ अंशांच्या पुढे जाऊन सगळे शिजवून टाकायचे ठरवले तर हा प्रश्न गाठीच्या आत सुटतो, पण मग तो गाठीच्या सीमेवर जाऊन बसतो, कारण तिथे निरोगी ऊतीलाही तेवढेच भाजणे सोसावे लागते. म्हणून दाखवणे आणि तापवणे एकत्र आणण्याचा खरा हेतू माझ्या लेखी ‘गाठ सापडणे’ हा नाही. गाठ आजच्या यंत्रांना बहुधा सापडलेली असते. कळायला हवे ते हे, की गाठीच्या कोणत्या भागात किती कण आहेत आणि तो भाग या क्षणी किती अंशांवर आहे. लोहाचे दुर्दैव असे की एमआरआयने तापमान वाचण्याची वर सांगितलेली रीत जिथे लोह दाट आहे नेमकी तिथेच निकामी होते. संकेतच उरत नाही.

कणाच्या मापाचा तिढाही याच प्रकारचा आहे, पण तो थोडक्यात सांगतो. मूत्रपिंडातून गाळून जायचे तर कण साधारण साडेपाच नॅनोमीटरच्या आत हवा. प्रकाश नीट पकडायचा तर तो पन्नास-शंभर नॅनोमीटरचा हवा. मोठा कण यकृतातल्या कुप्फर पेशी (बाहेरचे कण गिळणाऱ्या पेशी) आणि प्लीहा पकडून ठेवतात, आणि सोने तिथे महिनोन्महिने, कदाचित वर्षानुवर्षे पडून राहते. लोह त्या मानाने समजूतदार आहे. शरीर ते विरघळवून हिमोग्लोबिनात वापरते. अर्थात लोहाचीही शिरेतली मात्रा निर्धोक नाही : पंडुरोगासाठी २००९ मध्ये मान्य झालेल्या फेरुमॉक्सिटॉल या कणरूप लोहाच्या औषधावर जीवघेण्या ॲलर्जीबद्दलचा सर्वांत कडक इशारा अमेरिकेत २०१५ मध्ये छापावा लागला. सोन्याच्या बाबतीत मला आवडलेला तोडगा मुंबईतला आहे. आयआयटी मुंबईतील रोहित श्रीवास्तव यांचा गट आणि खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेतील अभिजित डे यांचा गट यांनी मेदाच्या सुमारे शंभर नॅनोमीटरच्या पोकळ गोळीवर सोन्याचे बारीक कण बसवले. गोळी शाबूत असेपर्यंत ती सगळी मिळून अवरक्तालगतचा प्रकाश शोषते; नंतर मेदाची गोळी मोडते आणि सोन्याचे बारीक तुकडे यकृत व मूत्रपिंडांवाटे बाहेर पडू शकतात. उंदरांवरचे हे काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठा कण काम करताना आणि लहान कण जाताना, ही त्यामागची कल्पना सरळ आहे, आणि म्हणूनच मला ती टिकाऊ वाटते.

सोन्यावर लोह आणि लोहावर सोने असे दुहेरी कण करून दोन्ही गुण एका कणात भरण्याचे प्रयत्नही भरपूर झाले आहेत. त्यांतल्या बहुतेकांत एकाचा गुण दुसऱ्याच्या अंगाने बोथट होतो, आणि कण जितका गुंतागुंतीचा तितका तो दर वेळी सारखा बनवून दाखवणे कठीण. औषध नियंत्रकाला हजाराव्या खेपेचा कण पहिल्या खेपेसारखा हवा असतो. आम्हा रसायनवाल्यांना हे ऐकायला आवडत नाही.

माझा भरवसा आहे तो ज्या चित्रणात दिसण्याचे भौतिकशास्त्र आणि तापण्याचे भौतिकशास्त्र एकच आहे त्यावर, कारण तिथे आकड्यांचे ते मोठे अंतर पडत नाही. सोन्यासाठी असे चित्रण म्हणजे प्रकाशध्वनी चित्रण. लेसरचे अगदी लहान स्पंद दिले की कण क्षणभर तापून प्रसरण पावतो, त्यातून ध्वनिलहर निघते आणि ती सोनोग्राफीच्या शोधकाने ऐकायची. जिथून आवाज मोठा येतो तिथेच पुढे उष्णताही अधिक निर्माण होणार, कारण दोन्ही एकाच शोषणातून आले आहेत. शिवाय तापमान वाढले की आवाजही बदलतो, म्हणून तापमापकही त्यातच मिळतो. मर्यादा प्रकाशाचीच आहे, काही सेंटिमीटरची. स्तन, मान, मुखाचा आतला भाग यांना ती चालण्यासारखी आहे, आणि मुखाच्या कर्करोगाचे आपल्याकडचे प्रमाण पाहता ही काही लहान गोष्ट नव्हे.

लोहासाठी तसे चित्रण म्हणजे चुंबकीय कणांचे चित्रण, ज्याची कल्पना ग्लाइख आणि वाइझेनेकर यांनी २००५ मध्ये हँबुर्गहून मांडली. इथे पाण्याचे प्रोटॉन पाहायचेच नाहीत, थेट लोहाचे कण पाहायचे. सगळीकडे इतके जोरदार स्थिर क्षेत्र ठेवायचे की कणांची चुंबकीय दिशा एका बाजूला जखडून राहील, आणि फक्त एका बिंदूपाशी क्षेत्र शून्य ठेवायचे. बदलत्या क्षेत्राला प्रतिसाद देतात ते त्या बिंदूतलेच कण, म्हणून बिंदू फिरवत नेला की चित्र तयार होते, आणि संकेत लोहाच्या प्रमाणात असल्याने चित्रातूनच मिलिलिटरमागचे लोह वाचता येते. आता त्याच बिंदूला गाठीवर थांबवून वारंवारता वाढवली की तेवढ्याच जागेतले कण तापतात; यकृतात अडकलेले कण जखडलेले असल्यामुळे थंड राहतात. बर्कलीच्या गटाने २०१८ मध्ये उंदरात हे करून दाखवले, दोन गाठींपैकी हवी ती एकच तापवून. शिरेतून दिलेले ९९ टक्के कण भलतीकडे जातात या अडचणीला मला ठाऊक असलेल्या उत्तरांपैकी हे सर्वांत प्रामाणिक आहे, कारण ते त्या ९९ टक्क्यांना नाकारत नाही, त्यांना फक्त गप्प बसवते. गाठीत पुरेसे लोह पोहोचवण्याचा वरचा हिशेब मात्र त्याने सुटत नाही. त्यासाठी कण अजून तरी सुईनेच द्यावे लागतील. आणि यंत्र मोठे करणे सोपे नाही : शरीर मावण्याचे छिद्र जितके रुंद तितकी क्षेत्राची तीच उतरण (शून्य बिंदूपासून दूर जाताना क्षेत्र वाढण्याचा दर) निर्माण करायला वीज अधिक लागते, आणि बदलते क्षेत्र माणसाच्या मापाला आले की नसांना झिणझिण्या येऊ लागतात. बाजारात मिळणाऱ्या यंत्रांत आज उंदीर मावतो. माणसाचे डोके मावेल अशी यंत्रे काही प्रयोगशाळांनी उभी केली आहेत, आणि डोक्याची निवड पहिली का झाली हे आपल्याला वरच्या व्यासाच्या वर्गावरून ओळखता येईलच.